आडनावं झाकलेली पुस्तकं

झड लागली आहे. कधीपासून, ते आता आठवत नाही. झडीत दिवस मोजण्यात काही अर्थ नसतो. आमच्या भागातला एरवीचा पाऊस तापट, येतो, आदळआपट करतो आणि निघून जातो. झड तशी नाही. गडगडाट नाही, वीज नाही, मोठा थेंबही नाही. चाळणीतून पीठ पडावं तसं बारीक पाणी, सकाळी तेच, दुपारी तेच, दिवेलागणीला तेच. काडेपेटीतली काडी ओढली की तिचं डोकंच गळून पडतं. मिठाला पाणी सुटतं. दोरीवरचं धोतर खांद्यावर घ्यावं तर आंबट वास मारतं आणि मग दिवसभर आपणच आपल्याला नकोसे होतो.

हिंगोलीत मुलाच्या घरी माझी खोली मागच्या बाजूला आहे. कॉलनी संपते तिथून सोयाबीन सुरू होतं. आमच्या वेळी हे सोयाबीन नव्हतं. तेव्हा मूग होता, कापूस होता, हायब्रीड ज्वारी होती. ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची, आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. सोयाबीन गुडघ्याएवढं. त्यात काहीच लपत नाही. मी खिडकीशी बसून राहतो आणि सून दोनदा सांगून जाते, "बाबा, खिडकी लावा, गार वारं लागंल." लावत नाही. म्हाताऱ्या माणसाला थोडा हट्ट असावा, नाहीतर घरात कोणी विचारत नाही.

बाहेर ओल वाढली की माझ्या नाकाला एक वास येतो. घरात कोणालाच येत नाही, मी विचारून पाहिलं. कणकेच्या खळीचा वास. न वाळलेल्या, किंचित आंबलेल्या, मोरचूद घातलेल्या खळीचा. उन्हाळ्यात पुस्तकाला कागद चिकटवला की तासाभरात खडखडीत वाळतो. झडीत तो वाळतच नाही. पुस्तक रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवलं तरी सकाळी कव्हर बोटाला चिकटतं, आणि त्या बोटाचा वास मग जेवतानाही जात नाही.

मी तेव्हा सेनगावच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. आमचं घराणं मेंढरांचं. बापाच्या मागे मेंढरं राखायची ती सोडून मी मेंढरांचे खूर धुण्याच्या सरकारी नोकरीला लागलो, एवढीच माझी प्रगती. झडीत मेंढरांचे खूर सडतात. मग मोरचुदाच्या निळ्या पाण्यात त्यांना उभं करायचं, खूर कोरायचे, डांबर लावायचं. दवाखान्यातला चिमूटभर मोरचूद माझ्या मित्राच्या, युसूफच्या दुकानात जायचा, कारण खळीत तो घातला की पुस्तकाला कसर लागत नाही. सरकारच्या मोरचुदावर वाङ्मयाची एवढी सेवा दुसऱ्या कोणी केली नसेल.

युसूफचं सायकलचं दुकान एसटीच्या थांब्याजवळ होतं. पत्र्याची टपरी, पुढे पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आत एक बाकडं. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर आम्ही तिघं त्या बाकड्यावर बसत असू. युसूफ, मी आणि उत्तम. उत्तम पुसेगावच्या बाजूच्या एका खेड्यातला, बौद्ध वाड्यातला. औरंगाबादला कॉलेजात एक वर्ष काढलं, तेवढ्यात बाप गेला, मग परत आला. मास्तरकीची ऑर्डर येईल म्हणून वाट पाहायचा आणि तोवर लोकांच्या शेतात निंदायला जायचा. त्याच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. गावाचं नाव सांगितलं की ऐकणारे त्या गावाला बोल लावून मोकळे होतात, आणि आपलं गाव त्यातून सुटलं असं समजतात.

सेनगावात तेव्हा वाचनालय म्हणजे एक कपाट होतं आणि त्याची किल्ली ज्याच्याकडे असायची तो माणूस कधी जागेवर नसायचा. त्यामुळे आमची पुस्तकं यायची ती उत्तमच्या पिशवीतून. औरंगाबादच्या वसतिगृहात त्याचे मित्र होते. तो अधूनमधून जायचा, दोन-तीन पुस्तकं उसनी आणायचा, आणि परत करायच्या आत ती आम्ही फिरवून वाचायचो. युसूफ हिंगोलीच्या रद्दीवाल्याकडून काही उचलायचा. मी वसमतला बदलीवर होतो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या हळदीच्या अडत्याशी ओळख काढली होती. त्याच्या माडीवर हळदीच्या पोत्यांमागे पुस्तकांची पेटी होती. त्याची पुस्तकं उघडली की शिंक यायची आणि पानांच्या कडा पिवळ्या असायच्या.

एका बाजारी आमचं भांडण झालं. उत्तमनं एक कथांचं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी कव्हरवरचं आडनाव वाचलं आणि पुस्तक घमेल्याच्या काठावर ठेवून दिलं.

"हे लोक आपल्याला काय सांगणार?" मी म्हणालो. "यांच्या पुस्तकात पाऊस बी गच्चीवरच पडतो."

"वाचलं का?" उत्तमनं विचारलं.

"न्हाई."

"मंग काहून बोलून राहिला?"

मला राग आला. मीही त्याचं काढलं. "मागच्या बाजारी तू त्या कवितेच्या पुस्तकाला डोक्यावर घेतलं. काहून घेतलं ते मला म्हाईत न्हाई का? आडनाव तुमच्यातलं व्हतं म्हणून."

मला वाटलं आता हा उठून जाणार. उत्तमनं घमेल्याच्या काठावरचं पुस्तक उचललं आणि म्हणाला, "व्हय. खरं हाय. कविता तशा कच्च्याच व्हत्या."

युसूफ ट्यूबला कानस लावत होता, तो हसायला लागला. "तुमचं तरी बरं हाय रे. मी पुस्तक हातात घेतलं की आधी बघतो, आमच्यातला कोणी हाय का. असला तर एक तर तो अत्तर विकून राहिला, न्हाई तर भिंतीवरून उडी मारून पळून राहिला. माझ्यासारखा पंक्चर काढणारा एक बी भेटला न्हाई." मग त्यानं कानस खाली ठेवली, भिंतीवरचं गेल्या सालचं कॅलेंडर काढलं आणि म्हणाला, "आडनावंच झाकून टाकू. झंझटच नको."

तेव्हापासून तो आमचा रिवाज झाला. जो पुस्तक आणील त्यानं घरीच त्याला कॅलेंडरचा कागद लावायचा, कोरी बाजू वर. आतली पहिली पानं, ज्यावर नावगाव असतं, ती सगळी एकत्र धरून त्यावर जुन्या ट्यूबची कापलेली रबरी कडी चढवायची. तिघांचं वाचून होईपर्यंत कडी काढायची नाही. आणणाऱ्याला नाव माहीत असायचं, पण त्यानं ते पोटात ठेवायचं. आधी पुस्तक सांगायचं, मग वाचायचं, मग नाव. आणि न वाचलेल्या पुस्तकाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. हा शेवटचा नियम युसूफचा. तो त्या बाबतीत फार कडक होता.

कडी निघायची त्या दिवशी पैज लागायची. लिहिणारा कोण असेल? कुठला, कोणत्या जातीचा, बाई की बाप्या? हरेल त्यानं चहा सांगायचा. एका पुस्तकात दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई होती. तिच्या भेगाळलेल्या टाचांचं असं वर्णन होतं की वाचताना माझ्या पायाला चुरचुरलं. मी छातीठोक सांगितलं, ही बाईच, आणि कष्टाचीच. कडी काढली तर एक पेन्शनीतले साहेब निघाले. दुसऱ्या एका पुस्तकात पेरणीचं सगळं उलटंसुलटं होतं, तुरीला उन्हाळ्यात फुलं आणली होती. ते उत्तमनं आणलेलं; युसूफनं आणि मी एकमतानं त्याला शहरात बसवला. नाव निघालं ते माझ्याच भावकीत शोभावं असं. त्या दिवशी उत्तम इतका हसला की घमेल्यात त्याची चप्पल गेली.

या खेळानं आम्ही शहाणे झालो असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. आम्ही होतो तसेच राहिलो. मला अजूनही आडनाव आधी दिसतं, आजच्या पेपरातल्या निधनवार्तेतसुद्धा. फक्त त्या बाकड्यावर, पुस्तकाची पहिली काही पानं तरी, आम्ही डोळ्यांवरची झापडं काढून वाचत होतो. तेवढं पुष्कळ होतं. त्याची किंमत मला तेव्हा कळली नाही.

उत्तम पुस्तक सांगायचा तसं कोणी सांगताना मी पुन्हा पाहिलं नाही. तो बसून सांगत नसे. टपरीच्या वाशाला धरून उभा राहायचा. गोष्ट क्वचितच सांगायचा. एखादाच बारकावा उचलायचा, की या पुस्तकात एक माणूस पाणी देताना तांब्या दोन्ही हातांनी धरतो, कारण त्याचा एक हात कापतो आणि ते त्याला दिसू द्यायचं नसतं. बस. एवढ्यावर मी ते पुस्तक दोन दिवसांत वाचलं. आणि कोणाला काय द्यायचं हे त्याला नेमकं कळायचं. एकदा त्यानं एक पुस्तक मला दिलं आणि युसूफला द्यायचं नाही म्हणाला. "त्याचा बाप आजारी हाय. याच्यात बाप मरतो. ह्ये नंतर." युसूफचे वडील बरे झाले, चालायला लागले, तेव्हा मगच ते पुस्तक त्याला मिळालं. मला तो म्हणायचा, "डाक्टर, ह्ये तू वाच. तू लई कडू बोलतोस, थोडा सुदरशील." दवाखान्यात असल्यामुळे मी त्याचा डॉक्टर होतो. सुधारलो नाही. पुस्तक मात्र आवडलं.

माझ्या मोबाईलमध्ये निवृत्तांचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी कोणीतरी पुस्तकाच्या कव्हरचा फोटो टाकतं, खाली "अवश्य वाचा" आणि हात जोडलेले. लगेच दहा-बारा अंगठे येतात. ज्यानं टाकलं त्यानं वाचलेलं नसतं, आणि अंगठे देणाऱ्यांनी वाचायचं नसतं. मी एकदा विचारलं, तुम्हाला त्यातलं काय आवडलं? उत्तर आलं, "खूप छान आहे." मी फार छळतो असं तिथं मत झालं आहे. त्यांचा दोष नाही. कोणाच्या घरी बाप आजारी आहे हे त्यांना माहीतच नसतं.

त्या साली झड अशीच लागली होती. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा तापला होता. बाजारात माणसं घोळक्यानं उभी राहून हळू बोलायची आणि उत्तम जवळून गेला की गप्प व्हायची. हे मी पाहत होतो. युसूफही पाहत होता. त्याला असल्या गप्प बसण्याची सवय होती, म्हणून तो माझ्या आधी घाबरला.

त्या बाजारी उत्तम उशिरा आला. डोक्यावर पोत्याचा घोंगता, अंग चिंब, आणि सदऱ्याच्या आत युरियाच्या पोत्यातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक. नुकताच औरंगाबादहून आला होता. पुस्तक त्यानं बाहेर काढून दाखवलं. कॅलेंडरचा कागद लागलेला होता, कडी चढवलेली होती. आम्ही हात पुढे केले तर त्यानं पुन्हा सदऱ्यात घातलं.

"माझंच व्हायचंय अजून. पुढल्या बाजारी सांगतो."

"कुछ तो बोल यार," युसूफ म्हणाला. "एखादी गोष्ट."

"न्हाई. नियम तूच केला ना? न वाचलेलं बोलायचं न्हाई. अर्धं वाचलेलं बी न वाचलेलंच."

"चांगलं हाय का, एवढं तरी सांग," मी म्हणालो.

उत्तम वाशाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "इतके दिस आपण जे वाचलं ना डाक्टर, ते हे वाचता यावं म्हणून वाचलं असं वाटून राहिलंय मला."

असं तो कधी बोलत नसे. युसूफनं माझ्याकडे पाहिलं. आणि मग त्यानं जे बरेच दिवस बोलायचं ठेवलं होतं ते बोलला. म्हणाला, दोन-चार रोज इथंच राहा, मायला बी घेऊन ये, माझ्या घरी माडीवर जागा आहे. गावात हवा बरी नाही. वाटेवर एसटीवर दगड पडले आहेत, उद्यापासून गाड्या बंद होतील म्हणतात.

उत्तम हसला. "या झडीत काय पेटतंय युसूफ? आमच्या चुलीत लाकूड पेटत न्हाई सकाळपासून. भिंतीला हात लावला तर पाणी निथळून राहिलंय. पाऊस उघडंपर्यंत काई व्हत न्हाई बघ."

मलाही ते पटलं. युसूफलाही पटलं असावं, कारण तो पुन्हा ट्यूबकडे वळला. आम्ही सगळे या मातीतले, चुलीपुढे बसून फुंकणी फुंकून डोळे लाल करून घेतलेले. ओल्या दिवसांत काही पेटत नाही हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. रॉकेलचा डबा घेऊन कोणी येईल, आणि पऱ्हाट्यांचं, कापसाच्या काड्यांचं छप्पर वरून ओलं असलं तरी आतून कोरडं असतं, हे मात्र आमच्या डोक्यात आलं नाही. उत्तमनं सायकल काढली, पुस्तक छातीशी आहे का ते चाचपलं आणि गेला.

एसटी बंद झाली. मग खबरी यायला लागल्या, या गावची, त्या गावची. खरं किती, खोटं किती, कळायचं नाही. मग माझा चुलता आला. त्याची मेंढरं त्या शिवारात होती. तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला, घोंगडीतून पाणी गळत होतं, आणि म्हणाला, "उत्तमच्या वाड्याकडून धूर निघून राहिला व्हता. काळा. पावसात बी खाली बसत नव्हता." मी विचारलं, तुमाला काई केलं का? "आमाला कोण काय करतंय?" तो म्हणाला आणि खाली बघत राहिला. सुटल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता. त्याला लाज वाटत होती, आणि कशाची ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मी नंतर तिथं गेलो. घरांची रांग होती, त्यातली कोणती जळली आणि कोणती नाही ते बघत चाललो. एकही चूक नव्हती. एका भिंतीला भिंत लागलेली दोन घरं, एक जळलेलं, एक तसंच, दारावरचं तोरणसुद्धा तसंच. कोणी विचारायला लागलं नव्हतं. आम्ही तिघांनी आडनावं झाकायला गावातली कॅलेंडरं संपवली. आणि इथं अक्षरओळख नसलेल्यांनाही सगळ्यांची आडनावं पाठ होती. त्या दिवसापासून माझ्या मनात जो राग आहे तो गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

उत्तम गेला. लोक ज्वारीत पळाले होते, त्यांच्यात तोही होता, मायला धरून. मग तो मागे फिरला आणि परत आला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी हिंगोलीत एका कार्यक्रमात एका वक्त्यानं सांगितलं की उत्तम पुस्तकांसाठी आगीत शिरला, ग्रंथांसाठी त्यानं प्राण दिला. टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीवर होतो, उठून बाहेर आलो. त्याच्याबरोबर ज्वारीत लपलेल्या शेजाऱ्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं. घरात शेळी बांधलेली होती, गाभण. ती ओरडत होती, तिचा आवाज ज्वारीपर्यंत येत होता. तो तिचं दावं कापायला गेला. भाषणात शेळी बरी दिसत नाही, म्हणून पुस्तकं आली. उत्तमला हे ऐकायला मिळालं असतं तर तो म्हणाला असता, वक्त्याचं आडनाव झाका आणि पुन्हा ऐका.

त्यानंतर बाकड्यावर आम्ही दोघं कधी बसलो नाही. युसूफ काही वर्षांनी नांदेडला गेला, आता तोही नाही. मी वाचत राहिलो. आणि एक काम आयुष्यभर करत राहिलो, ज्याचा घरच्यांना कंटाळा आला. परभणी तेव्हा आमचा जिल्हा होता. तिथल्या वाचनालयात, नांदेडला, औरंगाबादला, बदली होईल तिथं, मी त्या पुस्तकाची चौकशी केली. वसतिगृहातली मुलं कधीच पांगली होती, कोणी दिलं ते कळलं नाही. काउंटरवरचा माणूस विचारायचा, पुस्तकाचं नाव? माहीत नाही. लेखक? माहीत नाही. मग आहे काय त्यात? मी सांगायचो, अर्धं माहीत आहे. काही हसायचे. एका बाईंनी मात्र खुर्ची दिली आणि अर्धं ऐकून घेतलं. त्यांना ते पुस्तक माहीत नव्हतं. मला आजवर ते सापडलेलं नाही. प्रत्येक नवीन पुस्तक उघडताना, एवढ्या वर्षांनंतरही, वाटतं हे असेल का? आणि काही पानांतच कळतं की हे ते नाही.

अर्धं मला कसं माहीत, ते सांगतो.

जळालेल्या घरांतली माणसं सेनगावच्या एका शाळेत आणून ठेवली होती. झड उघडली नव्हती. युसूफ आणि मी गेलो. जायचं होतंच, उत्तमच्या मायला भेटायचं होतं. आणि मनात एक दुसरी गोष्टही होती, आम्ही दोघं वाटेत ती बोललोही. त्या पुस्तकाचं नाव तिनं त्याच्या तोंडून ऐकलं असेल का? तो काय सांगणार होता? मित्राचा शेवटचा शब्द आमच्यापर्यंत पोचायचा राहिला होता, तो तिच्याकडे असेल तर घेऊन यायचा होता.

उत्तमची माय, गयाबाई, व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. पुढ्यात परातीत वाटपाचे तांदूळ होते, ती खडे निवडत होती. आम्ही खाली बसलो. तीच आधी बोलली.

"तुमचं पुस्तक जळलं बाबा."

आम्हाला क्षणभर कळलं नाही.

"कोऱ्या कागदाचं, रबर लावलेलं. तो म्हणला व्हता, माय, लोकाचं हाय, वल लागू देऊ नको. मी उतरंडीवर ठिवलं व्हतं." तिचे हात परातीत तसेच चालू होते. "माझं पोरगं गेलं, त्याला कोणाला काय बोलू? पर लोकाची वस्तू माझ्या घरात जळली. त्यानं कधी कोणाची वस्तू ठिवून घेतली न्हाई."

मी खांबाकडे पाहत राहिलो. युसूफ बोलला. तो कधी खोटं बोलत नसे, निदान पुस्तकाबद्दल तर नाहीच.

"आमचंच व्हतं माय. आमचं वाचून झालतं. जळू द्या."

"दोघांचं बी?"

"व्हय. दोघांचं बी."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि तिनं पहिल्यांदाच आमच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी थोडं सैल झालं होतं. आणि त्याच वेळी मला कळलं की आता आम्हाला काहीही विचारता येणार नाही. वाचलेल्या पुस्तकाचं नाव कोण विचारतं?

ती म्हणाली, "मंग तुमाला म्हाईत असंल. पुढं काय झालं त्या बाईचं?"

युसूफ परातीत हात घालून खडे शोधू लागला.

"चूल पेटली की तो रोज थोडं वाचून दावायचा मला. ती म्हातारी बाई, गावानं काढून दिलेली. डोक्यावर जातं घेऊन लेकीच्या गावाला निघालेली. वाटंनं कोणी म्हणलं, म्हातारे, टाक ते दगड, तर टाकत न्हाई. म्हणती, लेकीला आंदण द्यायचं राहिलं व्हतं. मला लई आवडली ती बाई. मंग नदी लागली. नदीला पूर. तिथं तो थांबला, म्हणला माय, बाकीचं उद्या." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "पुढं काय झालं? तुमी तर वाचलंय."

शाळेच्या पत्र्यावर झड पडत होती. युसूफनं घसा साफ केला. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, हा नियम करणारा माणूस.

"उतरली माय," तो म्हणाला. "तिनं वाट पायली. पूर वसरला, मंग उतरली. लेकीच्या दारात पोचली."

"जातं घेऊन?"

"जातं घेऊन."

गयाबाईचे हात थांबले. ती बाहेर, मैदानात साचलेल्या पाण्याकडे बघत बसली. मी मनात म्हणत होतो, आता विचारू नको.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "डोक्यावर जातं घेऊन नदी उतरता येत न्हाई. पाय सुटतो. टाकलं असंल तिनं."

युसूफनं माझ्याकडे पाहिलं.

"टाकलं, माय," मी म्हणालो.

"नदीतच?"

"नदीतच."

"मंग पोचली असंल," गयाबाई म्हणाली, आणि परात जवळ ओढून पुन्हा तांदूळ निवडू लागली.